खाडीतल्या मासेमारीसाठी कयाक कशी तयार करायची: काय लावायचं, कुठे लावायचं आणि काय घरीच ठेवायचं

नवीन कयाक आली की पहिल्याच रविवारी ड्रिल मशीन काढायची घाई होते. व्हिडिओत बघितलेलं सगळं लावून टाकावंसं वाटतं, चार रॉड होल्डर, फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राची) स्क्रीन, कॅमेऱ्याचा दांडा, सगळंच. पण माझं ऐका आणि निदान चार-पाच वेळा ती रिकामीच वल्हवा, एक रॉड आणि एक छोटी पिशवी एवढंच घेऊन. वल्हं मारताना हात कुठून कुठे फिरतो, रॉड ठेवायला हात आपोआप कुठे जातो, मागे वळून काय सहज हाताला लागतं आणि काय लागत नाही हे तुमच्या शरीराला तेव्हाच कळतं, आणि एकदा भोक पाडलं की ते परत बुजवणं हे फार किचकट काम आहे.

मी इथे सिट-ऑन-टॉप कयाकबद्दल बोलतोय, म्हणजे वर बसायची, जिच्या तळाला आरपार भोकं असतात आणि आत आलेलं पाणी आपोआप खाली जातं. मासेमारीला हीच बरी. १० ते १२ फुटांची असेल तर मुंबईजवळच्या मनोरी, गोराई, मार्वे, वसईची खाडी या सगळीकडे व्यवस्थित चालते. तिच्यावर वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते ती पूर्ण वापरायची नाही, साधारण दोन तृतीयांश धरून चला. १५० किलो लिहिलंय तर तुम्ही, सामान, पाणी, बर्फ आणि मिळालेले मासे सगळं मिळून १०० किलोच्या आसपास. त्याच्यावर गेलं की ती पाण्यात खोल बसते, तळाच्या भोकांतून पाणी वर येऊन सीट ओली राहते आणि वळायला जड होते.

प्रत्येक वस्तू लावायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो, मी पाण्यात पडलो तर ही वस्तू असताना मला परत वर चढता येईल का? वर चढताना आपण सीटच्या बाजूने पोट टेकवून सरकत येतो, त्यामुळे सीटच्या दोन्ही बाजूंचा हातभर भाग मोकळा पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या निम्म्या वस्तू नेमक्या तिथेच लावायला सांगतात, आणि मग उभे होल्डर बरगडीत घुसतात, जॅकेटचा पट्टा त्यात अडकतो. म्हणून रॉड मागे, स्क्रीन पायाच्या पुढे, बाजू रिकाम्या.

सगळ्यात आधी पैसे लाइफ जॅकेटवर घालवा. फोमचं घ्या, आणि मागची बाजू आखूड किंवा वरच्या वर फोम असलेलं, कारण कयाकच्या सीटला पाठ असते आणि साधं जॅकेट त्यावर टेकून वर सरकतं, मानेला टोचतं, मग माणूस ते काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. पोहता येणाऱ्यासाठी ५० न्यूटनचं (हे तरंगवायच्या ताकदीचं माप) बऱ्यापैकी पुरतं, पोहता येत नसेल तर निदान १०० न्यूटनचं घ्या आणि आधी पोहायला शिका. घालून पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे. त्याच्या खिशात शिट्टी आणि बोथट टोकाची छोटी सुरी, दोन्ही दोरीने बांधलेलं. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून स्वतःच्या अंगावर ठेवा, कयाकला बांधू नका, कारण कयाक वाहून गेली तर फोनही तिच्याबरोबर जाईल. १५५४ हा कोस्ट गार्डचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा नंबर सेव्ह करून ठेवा.

दिसणं हा दुसरा मुद्दा. कयाक पाण्यापासून फूटभर वर असते, लाट जरा उठली की ट्रॉलरवाल्याला किंवा फेरीबोटवाल्याला तुम्ही दिसतच नाही. मागच्या बाजूला चार फुटी दांड्यावर केशरी झेंडा लावा, फायबरची काठी आणि जाड कापड, एवढंच. पहाटे अंधारात निघत असाल तर पांढरा दिवाही लावा, सगळ्या बाजूंनी दिसेल असा. वल्ह्याने चालणाऱ्या होडीकडे निदान पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी पाहिजेच असा समुद्रातल्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. दिवा डोक्याच्या वर असू दे, नाहीतर तुमच्याच डोळ्यांवर येतो आणि पुढचं काही दिसत नाही.

आता नांगर. यावर मी जास्त बोलणार आहे कारण मुंबईत कयाक उलटायचं मोठं कारण हेच आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरच्या वर जातो, आणि एवढं सगळं पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून सहा तासांत आत येतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं. हे पाणी सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग परत दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी हलतं. त्या वेळी नांगर टाकून बसलात आणि दोर चुकीच्या जागी बांधलेला असेल तर कयाक आडवी होते, प्रवाह एका बाजूने ढकलतो, दोर दुसऱ्या बाजूने खाली खेचतो, आणि ती पलटते.

माझं मनोरीला हेच झालं. सुरुवातीचे दिवस होते, नांगराचा दोर सीटच्या बाजूच्या हँडलला बांधलेला, ओहोटी जोरात लागली होती आणि मला वाटलं वल्ह्याने सांभाळता येईल. जवळच्या होडीतले एक काका ओरडत होते, "आरं सोर ती दोरी, सोर!" पण गाठ ताणाने इतकी आवळलेली की सुटेना, आणि पुढच्या मिनिटाला मी पाण्यात. त्यांनीच मला आणि कयाकला ओढून काठाला आणलं. एक रॉड, रील आणि गळांचा डबा गेला तो गेलाच. काठावर त्यांनी मला बसवून सांगितलं की होडी नेहमी टोकाने बांधायची आणि गाठ एका झटक्यात सुटणारी पाहिजे. खालचं सगळं त्या दोन वाक्यांवरच उभं आहे.

टोकाने बांधायचं तर बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून अँकर ट्रॉली करायची. नाव मोठं आहे पण वस्तू साधी आहे, आपल्या चाळीत कपडे वाळवायची दोरी पुली लावून पुढे-मागे ओढतात ना, अगदी तसंच. दोन छोट्या पुली, ५-६ मिलिमीटरची विणलेली पॉलिस्टर दोरी, एक स्टेनलेस स्टीलची रिंग आणि वीतभर बंजी, म्हणजे ताणली जाणारी रबरी दोरी. एक पुली पुढच्या हँडलला, एक मागच्या हँडलला, दोन्ही दोरीच्या फासाने बांधा, भोक पाडायची गरजच नाही. दोरी दोन्ही पुलींमधून फिरवून तिची दोन्ही टोकं रिंगला बांधा, एका बाजूला मध्ये बंजीचा तुकडा घाला म्हणजे ताण कायम राहतो आणि दोरी लोंबत नाही. ही सगळी फिरती दोरी कयाकच्या एकाच बाजूला राहते. सीटजवळ एक क्लीट, म्हणजे गाठ न मारता दोरी अडकवायची खाच, पाहिजे, रिंग हवी तिथे नेली की दोरी तिथे अडकवायची. नांगराचा दोर या रिंगमधून ओवून आपल्या हातात घ्यायचा, नांगर पाण्यात सोडायचा आणि दोरी ओढून रिंग टोकाला न्यायची. कयाक आपोआप प्रवाहाच्या सरळ रेषेत उभी राहते. मी बहुतेक वेळा मागचं टोक बांधतो, म्हणजे माझं तोंड प्रवाह जिकडे जातोय तिकडे राहतं आणि गळ समोर वाहत जातो. पण हे संथ पाण्यात. पाण्याला ओढ असेल किंवा लाटा असतील तर पुढचं टोक, आणि मधले दोन तास नांगरच नाही, वाहत वाहत मासे धरा.

नांगराच्या दोराचं दुसरं टोक कयाकला गाठ मारून बांधायचं नाही. क्लीटमध्ये अडकवायचं आणि शेवटाला एक बोया लावायचा, रिकाम्या बाटलीचासुद्धा चालतो. मोठा मासा लागला, समोरून बोट आली, काहीही झालं तरी दोर क्लीटमधून काढून टाकून द्यायचा, बोया तरंगत राहतो, नंतर येऊन उचलायचा. आणि दोर भरपूर पाहिजे. पाणी संथ असेल तर खोलीच्या तिप्पट, ओढ असेल तर पाच ते सातपट. तीन मीटर पाण्यात टाकलेला नांगर दोन तासांनी पाच मीटर पाण्यात असू शकतो, दोर आखूड असेल तर भरती कयाकचं टोक खाली दाबत जाते, आणि हे इतकं हळू होतं की गप्पा मारताना लक्षात येत नाही. मी ३० मीटर ठेवतो.

नांगर दीड किलोचा, चार पात्यांचा, घडी होणारा बास होतो. खडकात किंवा तळाशी पडलेल्या जुन्या जाळ्यात तो अडकतो, त्यासाठी एक युक्ती आहे. दोर वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडाकडच्या भोकात बांधा, मग दांड्याच्या कडेने वर आणून वरच्या कडीला एका बारीक केबल टायने बांधा. नेहमीच्या ओढीला टाय टिकतो, नांगर अडकला की जोरात झटका द्यायचा, टाय तुटतो आणि नांगर उलटा होऊन निघतो. खिशात चार-पाच टाय जास्तीचे ठेवा.

आणि आतल्या उथळ खाडीत तर नांगराची गरजच नाही, बांबू घ्या. आठ फुटी, टोकाला तासलेला, चिखलात खुपसायचा आणि ट्रॉलीच्या रिंगला अडकवायचा. आवाज होत नाही, मासे बुजत नाहीत, खर्च काहीच नाही. फक्त कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या खुंटांना कयाक कधीही बांधू नका, त्यांच्या बोयांपासूनही लांबच राहा. त्या जाळ्यावर त्यांचं घर चालतं, आपण हौशी माणसं. तिवराच्या फांद्यांनाही बांधायचं नाही, कांदळवन संरक्षित आहे आणि फांदी तुटली की तिथली पिल्लंही जातात.

भोकं पाडायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा. कयाकचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन, आणि त्याला कुठलाच गोंद धड चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा काही महिन्यांत पापुद्र्यासारखं निघून येतं. म्हणून पकड नटबोल्टचीच पाहिजे आणि सीलंट फक्त पाणी अडवायला. आत हात पोचत असेल तर बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट, हात पोचत नसेल तर रबराचा वेल नट, जो आत जाऊन फुगतो आणि पाणीही अडवतो. स्टील ३१६ चं मागा, ३०४ आपल्या खाऱ्या हवेत डाग धरतं, साध्या लोखंडाचं तर नावच काढू नका. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं सुटं मिळतं, नगावर, आणि दोर, बोये हवे असतील तर कोळीवाड्यातली जाळी-दोराची दुकानं सगळ्यात चांगली, तिथला दोर रोज समुद्रात वापरणाऱ्यांसाठी असतो. भोक पाडताना आधी आतून हात घालून बघा की मागे काय आहे, मग मास्किंग टेप लावून खूण करा आणि आधी बारीक बिट चालवा. पाण्याच्या रेषेखाली एकही भोक नाही.

रॉडसाठी सीटच्या मागे बहुतेक कयाकना दोन होल्डर आधीच असतात. त्याच्यापुढे तुम्हाला लागते ती फक्त एक क्रेट. दुधाची किंवा भाजीची चौकोनी प्लॅस्टिकची क्रेट, तिच्या मागच्या बाजूला दीड इंची पीव्हीसी पाइपचे पंधरा-पंधरा इंचांचे तीन तुकडे केबल टायने उभे आवळायचे, प्रत्येकाला वर आणि खाली असे दोन टाय, पाइपची वरची कड पॉलिश पेपरने घासून घ्यायची म्हणजे रॉडची मूठ सोलवटत नाही. झाले होल्डर. क्रेट मागच्या खोलगट जागेत ठेवून चारही कोपऱ्यांना बंजीने आवळा, आणि वरूनही एक जाळीदार बंजी टाका, कारण उलटल्यावर क्रेट जागेवर राहिली तरी आतलं सगळं बाहेर पडतं. रॉडला लावलेले लूर, म्हणजे नकली आमिषं, डोक्याच्या मागे लटकत असतात, त्यांच्या गळांना कापडी वेष्टण घाला, वळताना कानात घुसलेला गळ काढणं हा फार वाईट अनुभव असतो. पुलाखालून किंवा तिवरांच्या जवळून जाताना रॉड आडवे करून ठेवायची सवय लावून घ्या.

हातातला रॉड, वल्हं, पक्कड, मासा धरायची ग्रिप, सगळ्याला लीश, म्हणजे वस्तू पाण्यात पडून जाऊ नये म्हणून बांधायची दोरी, पाहिजे. विकत घ्यायची गरज नाही, ४ मिलिमीटरची बंजी मीटरभर, एका टोकाला फास आणि दुसऱ्याला स्टीलचा क्लिप. लीश कयाकला लावायची, स्वतःला नाही. आणि दोऱ्या जितक्या जास्त तितकं गुंतणं जास्त, म्हणून जॅकेटवरच्या सुरीचं मी आधी सांगितलं. किनाऱ्याला लाटा फुटत असतील तर उतरायच्या आधी सगळे रॉड काढून आडवे बांधून टाका.

फिश फाइंडर घ्यावा का असं सगळे विचारतात. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं गढूळ, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटर खोल, एवढ्याशा पाण्यात त्याच्या स्क्रीनवर मासा दिसण्याची फार अपेक्षा ठेवू नका. पण खोली दाखवतो ते सोन्यासारखं आहे. ओहोटीचं पाणी वाहणारी खोल चर कुठे आहे, चिखलाचा उतार कुठे संपतो, हे वरून कळत नाही, आणि जिताडा, तांब असे मासे त्या काठालाच थांबतात. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात सिग्नल सोडणारा त्याचा भाग, आतून तळाला बसवता येतो, प्लॅस्टिकमधून सिग्नल जातो, फक्त मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कायमचा बसवायच्या आधी पाणी भरलेल्या झिप पिशवीवर तो टेकवून कयाक पाण्यात उतरवा आणि खोली नीट दाखवतोय का बघा. डाउन इमेजिंगवाला (तळाचं चित्र दाखवणारा) असेल तर आतून नीट चालत नाही, तो बाहेरच लावावा लागतो. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, यूपीएसमध्ये असते तीच, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते, छोट्या स्क्रीनला दिवसभर आरामात पुरते. वजन दोन किलोच्या वर असतं म्हणून सीटखाली मधोमध ठेवा, पाणी शिरणार नाही अशा डब्यात, आणि वायरमध्ये फ्यूज घालायला विसरू नका.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी उपकरणं परदेशी व्हिडिओत फार दिसतात. भारतात ती सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, पकडलं तर गुन्हा दाखल होतो, त्यामुळे कोणी बाहेरून आणून देत असेल तरी घेऊ नका. साधा जीपीएस आणि फोन पुरे. जोडीला आधारची कॉपी ठेवा, २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर चौकशी होते आणि ती झालीच पाहिजे. नेव्हीचा भाग, ट्रॉम्बे, जहाजांचा रस्ता इकडे फिरकायचं नाही, आणि ठाणे खाडीतला फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथे रॉड घेऊन जायचं नाही.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. लांब तोंडाची पक्कड पाहिजेच, शिंगाळ्याच्या काट्याला हात लावायचा नाही, आणि पाकट लागली तर वर न घेता तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापून सोडून द्यायची. तिचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पायात जाड तळाचे बूट, खडकावरची कालवं चपलेतून पाय कापतात. बर्फासाठी पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरला लावा, सकाळी माशांना बर्फ आणि दुपारी तेच पाणी प्यायला. आत शिरलेलं पाणी काढायला हातपंप.

निघायची वेळ ठरवताना पंचांग बघा. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची साधारण वेळ येते, अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार म्हणजे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. जुन्या लोकांचा हा हिशेब आहे, अचूक वेळेसाठी टाइड टेबल आहेच. नवशिक्यांनी सप्तमी-अष्टमी-नवमीचे भांगाचे दिवस धरावेत, पाण्याला ओढ कमी असते. उतरायची वेळ भरतीला जुळवा, नाहीतर ओहोटीला काठापर्यंत गुडघाभर चिखल आणि मध्ये तुम्ही ३० किलोची कयाक ओढताय, चाकांची गाडीही त्यात रुतते. उन्हाळ्यात दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, म्हणून अकरा-साडेअकराला काठावर. पावसाळ्यात कयाक बाहेर काढायचीच नाही, नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र शांत झालाय का हे कोळीवाड्यात विचारून मगच.

सगळं लावून झालं की एक दिवस मासेमारी नाही. रॉडऐवजी त्याच लांबीच्या काठ्या लावा, क्रेटमध्ये वाळूच्या बाटल्या भरा, जॅकेट घाला आणि छातीभर संथ पाण्यात, सोबतीला कोणीतरी असताना, कयाक मुद्दाम उलटवा. काय सुटलं, काय अडकलं, वर चढताना पोटाला काय लागलं ते बघा. जे लागलं ते हलवा, जे सुटलं ते बांधा आणि परत उलटवा. मी तीनदा केलं, तिसऱ्यांदा मिनिटभरात वर आलो, मगच गळ बांधले.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवा, पुली, क्लिप, रील, बॅटरीच्या पिना. रीलचा ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटते ते ठरवणारा ब्रेक) सैल करून ठेवा, नांगराच्या पात्यांमध्ये अडकलेला चिखल ब्रशने काढा, आणि कयाक सावलीत कुशीवर ठेवा, पोटावर महिनोन्‌महिने ठेवली तर तळाला खड्डे पडतात.